तिबोटी खंड्या आणि सत्तावन्नाव्या पानावरची तळटीप

“मुरबाड तालुक्यातील एका ठाकरवाडीजवळच्या मातीच्या खाणीत तिबोटी खंड्या घरटे करतो, ही जुनी नोंद चित्रकाराच्या कल्पनेतून आलेली असावी. यंदाच्या श्रावणात प्रत्यक्ष भेट दिली असता पक्षी दिसला; परंतु तो बिळात शिरताना कोणाही जाणत्या निरीक्षकाने पाहिला नाही, आणि सरांनी बिळाची तपासणी करू न दिल्यामुळे नोंद सिद्ध होऊ शकली नाही.”

हा मजकूर आमच्या पक्षिनिरीक्षक मंडळाच्या ताज्या त्रैमासिकात छापून आला आहे. त्यातला ‘सर’ मी. लिहिणारा दिगंबर, माझा एके काळचा विद्यार्थी आणि आता जिल्ह्यातील पक्ष्यांवरच्या एका जाडजूड, देखण्या मार्गदर्शक पुस्तकाचा कर्ता. त्याच्याविषयी माझ्या मनात माया आहे, आणि म्हणूनच त्याचे म्हणणे खोडून काढणे मला अधिक अगत्याचे वाटते. पक्षी दिसला, हे खरे. मी तपासणी करू दिली नाही, हेही खरे. परंतु या दोन खऱ्या गोष्टींच्या मधोमध त्याने जे बसवले आहे ते खरे नाही, आणि ते का नाही हे सांगण्यासाठी त्या तीन दिवसांचा वृत्तान्त लिहिणे मला भाग आहे. जे त्या मुलखात कधी गेले नाहीत त्यांनी तो वाचावा आणि निवाडा करावा.

बेचाळीस वर्षांपूर्वी मी मुरबाड तालुक्यात चित्रकलेचा शिक्षक होतो. शाळा सुटली की खांद्याला पिशवी अडकवून रानात जायचे, हा माझा नेम होता. त्यातून शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांतल्या पक्ष्यांची एक पुस्तिका तयार झाली. खिशात मावेल एवढी; उजव्या पानावर मी रंगवलेले चित्र, डाव्या पानावर दहा-बारा ओळी. त्या काळी मला जी पुस्तके मिळत ती साऱ्या देशाची असत. एका पानावर दहा पक्षी दाटीवाटीने उभे, आणि आपल्या बांधावरचा पक्षी त्यात नखाएवढा. आपल्या दोन तालुक्यांच्या पक्ष्याला त्याचे स्वतःचे पान मिळावे, एवढाच माझा हेतू होता.

त्या पुस्तिकेच्या एकतिसाव्या पानावर तिबोटी खंड्या आहे. चिमणीपेक्षाही लहान, पोट केशरी, डोके जांभळट, पाठ निळीकाळी, चोच पोवळ्यासारखी, आणि पायाला तीनच बोटे. पावसाळ्यात हा आपल्याकडे येतो, मातीच्या उभ्या दरडीत बीळ कोरतो, पिले वाढवतो आणि निघून जातो. मी तो ओढ्याकाठी दाखवला नाही. ठाकरवाडीच्या बायका चुलीभिंतींसाठी जिथून माती काढत त्या खाणीत, बिळासमोर, चोचीत सापसुरळी धरलेला असा दाखवला. कारण मी तो तिथे पाहिला होता.

दिगंबरच्या पुस्तकात हा पक्षी सत्तावन्नाव्या पानावर आहे. दोन छायाचित्रे, आणि त्याखाली मुंगीएवढ्या अक्षरांत तळटीप: एका जुन्या पुस्तिकेत हे घरटे मातीच्या खाणीत दाखवले आहे, ते कल्पनेतून काढलेले असावे, हा पक्षी ओढ्याकाठची दरड सोडून घरटे करत नाही.

मी त्याला फोन केला.

“दिगंबर, कल्पना करण्याचा पगार मला मिळत नव्हता.”

“सर, मी तुमचं नाव कुठे लिहिलंय?”

“जुनी पुस्तिका म्हणजे कोणाची रे? या दोन तालुक्यांत दुसरी कोणती आहे?”

 तो म्हणाला, “दिवाळीला दुसरी आवृत्ती निघतेय. चला, आपण जाऊन बघू. घरटं मिळालं तर टीप काढून टाकतो.”

“आणि नाही मिळालं तर?”

“तर राहील, सर.”

मी एकोणऐंशी वर्षांचा आहे. तिसऱ्या आवृत्तीपर्यंत थांबण्याची माझी तयारी असली तरी शरीराची असेलच असे नाही. माझ्या पुस्तिकेच्या उरलेल्या प्रती वाळवीने खाल्ल्या. दिगंबरचे पुस्तक मात्र शाळाशाळांत पोचले आहे. तेव्हा माझे डोळे खरे होते की खोटे, हे यापुढे तीच मुंगीएवढी अक्षरे सांगणार होती.

शहापूर: पुस्तकाबाहेरचे पक्षी

पहिला मुक्काम शहापूरला केला, कारण दिगंबरला तिथल्या शिक्षकांसमोर ‘पक्ष्यांचे पुस्तक कसे वापरावे’ या विषयावर बोलायचे होते. तो चांगले बोलला. आधी आकार पाहा, मग चोच, मग शेपटी, रंग सर्वांत शेवटी. पक्षी समोर असताना पुस्तक उघडू नका, कारण पुस्तक पळून जाणार नाही. हे शेवटचे वाक्य माझे आहे. त्याने ते माझे म्हणून सांगितले नाही, पण मी तक्रार करत नाही. फक्त नोंद करून ठेवतो.

दुपारनंतर आम्ही माहुलीच्या पायथ्याच्या रानात गेलो. ज्यांनी माहुलीचा डोंगर श्रावणात पाहिला नाही त्यांना काय सांगावे? त्याचे सुळके ढगात घुसलेले असतात आणि मधूनच एखादा बाहेर येतो, तो आपण मनात धरलेल्या उंचीच्या कितीतरी वर. मान आणखी मागे टाकावी लागते. कड्यांवरून पाणी उतरत असते, पण ते इतक्या दूर असते की आवाज येत नाही. जणू पांढरे दोरे कोणी हळूहळू सोडत आहे. खाली साग फुलांवर आलेला. त्या ओल्या, निःशब्द हिरव्यात अचानक कुठूनतरी माणसाने शीळ घालावी तशी शीळ ऐकू आली. शीळकरी कस्तूर. तो गातो तेव्हा सूर चुकल्यासारखा अर्ध्यावर सोडतो, आणि पुन्हा घेतो. बेचाळीस वर्षांत त्याने ती सवय सोडलेली नाही. मी टोपी काढली. दिगंबरने विचारले, “सर, उकडतंय का?”

वाटेवर भाताची बेणणी, म्हणजे तण काढणे, आटोपून बांधावर बसलेला एक शेतकरी भेटला. वय साठीच्या आसपास, डोक्यावर प्लास्टिकचे इरले. दिगंबरने त्याला आपले पुस्तक दाखवले. त्याने हात धोतराला पुसले आणि पाने अशी उलटली की जणू लग्नाच्या अल्बममध्ये ओळखीचे कोणी शोधतो आहे.

“ह्यो आमचा,” तो कोतवालाच्या छायाचित्रावर बोट ठेवून म्हणाला. “ह्यो पन आमचा. ह्यो नाय, ह्यो परका.” मग नवरंगाच्या पानावर थांबला आणि हसला. “पन दादा, ह्यो असा कवाच बसत नाय.”

“कसा?”

“असा फोटो काढल्यावानी. ह्यो पाला उकरत असतो. तोंड खाली, बूड वर. तसा काढला असतास तं पोरांनी पन वळाखला असता.”

मी दिगंबरकडे पाहिले. माझ्या पुस्तिकेत नवरंगाचे तोंड खाली आहे.

“छायाचित्र खोटं बोलत नाही, सर,” तो चालता चालता म्हणाला.

“ते एकाच क्षणाचं खरं बोलतं,” मी म्हणालो. “बाकीच्या क्षणांची जबाबदारी चित्रकारावर.”

त्यावर आम्ही मुक्कामापर्यंत भांडलो. दोघांचाही घसा बसला आणि दोघांनाही फार बरे वाटले.

टोकावड्याच्या पुढे: भिजलेली पुस्तके

दुसऱ्या दिवशी किन्हवली, सरळगाव करत आम्ही टोकावड्याला उतरलो. वाटेत एसटीच्या खिडकीबाहेर भात इतके हिरवे होते की डोळ्यांना त्याची सवय होईना. रस्त्यालगतच्या ढाब्यावर चहा घेतला. घाटाकडे धबधबे पाहायला निघालेल्या गाड्यांची तिथे रीघ होती. त्यांतल्या एकाही माणसाने उजव्या हाताला, रस्ता सोडून जाणाऱ्या पाऊलवाटेकडे पाहिले नाही. ती वाट आमची.

ती बांधाबांधाने जाते. माझ्या आठवणीत ती वीस मिनिटांची होती. आता तिला एक तास लागला. लांबी वाढलेली नाही, हे मी कबूल करतो. अर्ध्यावर माझा पाय घसरला आणि मी गुडघाभर पाण्यात, भाताच्या रोपांत बसलो. मला धरायला वाकलेला दिगंबरही माझ्या शेजारी येऊन बसला. दोघांच्या पिशव्या पाण्यात. त्याने कॅमेरा तेवढा वर उचलून धरला होता, बुडणाऱ्याने मूल धरावे तसा.

वाडीच्या तोंडावर एक म्हातारी उभी होती. गुडघ्यापर्यंत खोचलेले लुगडे, अंगाने काडी, पाठ मात्र अजून ताठ. ती आमच्याकडे बराच वेळ पाहत राहिली.

“मास्तर,” ती म्हणाली, “तवा पन तू हितंच पडला व्हतास.”

ही बुधीबाई. त्या काळी नुकतीच लग्न होऊन वाडीत आलेली पोर. खाण मला दाखवणारी. तिच्या बोलण्यात मला ‘तू’ आहे. माझ्या घरी आता मला ‘तू’ म्हणणारे कोणी उरले नाही. सुना ‘अहो बाबा’ म्हणतात, शेजारी ‘काका’ म्हणतात, बँकेतली मुलगी ‘सर’ म्हणते. चिखलात माखलेल्या अवस्थेत ते ‘तू’ ऐकून मला जे वाटले ते लिहिण्याचे कौशल्य माझ्यापाशी नाही.

वाडीत आता बहुतेक घरे सिमेंटची आहेत. बुधीबाईचे घर कुडाचे, मातीने लिंपलेले. “ल्योक म्हनतो पाड. मी म्हनते, मी मेल्यावर पाड, तवर ठेव,” असे तिने आम्हाला उंबऱ्यातच सांगून टाकले. तिने आमच्या पिशव्या चुलीपुढे उलट्या केल्या आणि पुस्तके बाहेर काढली. माझी पुस्तिका खरबरीत कागदाची. ती फुगली, पण तिची पाने सुटी राहिली. दिगंबरच्या पुस्तकाचा कागद गुळगुळीत आणि चकचकीत. त्याची पाने एकमेकांना अशी चिकटली की धनेशापासून सुगरणीपर्यंत एकच वीट झाली.

“अगो, ह्याची पाखरं जाम झाली,” बुधीबाई म्हणाली. तिने वीट चुलीशेजारी उभी करून ठेवली. “वाळंल. वाळली की उडतील.”

दिगंबरने ते हसण्यावारी नेले आणि घरी फोन करायला, रेंज मिळते म्हणून वाडीमागच्या खडकावर चढला. तो तिथे होता तेवढ्या वेळात जे झाले ते त्याला ठाऊक नाही, आणि त्याच्या वृत्तान्तातही ते नाही.

बुधीबाईने माझी पुस्तिका चुलीच्या उजेडात धरून पाने सुटी केली. एकतिसाव्या पानावर तिचा हात थांबला.

“ही आमच्या खानीतली.”

“आठवते तुला?”

“न आठवाया काय झालं? ह्या सुरळीचं डोकं मी फिरवाया लावलं. तू आदी उलटं काढलं व्हतंस.”

मी म्हणालो, असे काही झालेले नाही. चित्र माझे आहे. मी पाहिले तसे काढले.

“नाय,” ती शांतपणे म्हणाली. तिने चुलीपुढची एक काडी उचलली आणि दोन बोटांच्या चिमटीत आडवी धरली. “हे बग. पाखराला सोताला खायाचं असलं तं डोकं आपल्या घशाकडं धरतंय. आत सरकतंय ना मंग. पोराला भरवायाचं असलं तं डोकं भायेर. चोचीच्या टोकाला. का, तं पोराच्या तोंडात आदी डोकं जावं. उलटं गेलं तं पाय अडकत्यात, पोर मरतंय. तू डोकं घशाकडं काढलं व्हतंस. मी म्हनलं, मास्तर, ही काय सोताच खाती काय? मंग पोरां काय उपाशी?”

मी ते पान हातात घेतले. चित्रात सापसुरळीचे डोके चोचीच्या टोकाकडे, बाहेर आहे. आणि त्याखाली, रंगाच्या थरातून अगदी पुसट, खोडलेल्या पेन्सिलीची रेघ दिसत होती, जिथे आधी डोके होते. बेचाळीस वर्षे त्या चित्राकडे मी माझे म्हणून पाहत होतो. त्यातला जो तपशील पाहून जाणकारांनी माझी पाठ थोपटली, तो तिने सांगितला होता आणि मी विसरलो होतो. ही चूक माझी आहे, आणि मी ती इथे माझ्या नावावर लिहितो.

“तिला तुम्ही काय म्हणता? नाव काय तिचं?” मी विचारले. मागच्या वेळी हे विचारायचे राहिले होते.

“नाव नाय. भाताची आवनी सरली की येती, बसती, पोरां करती, जाती. नाव कशाला?”

माझ्याकडे आणि दिगंबरकडे मिळून या पक्ष्याची चार भाषांतली नावे होती.

जेवायला तांदळाची भाकरी, करटोल्याची भाजी, आणि ओढ्यातल्या मुठ्यांचा, म्हणजे खेकड्यांचा, रस्सा. आमच्या घरी श्रावणात कांदासुद्धा वर्ज्य. इथे मुठे याच दिवसांत भरतात, म्हणून हाच त्यांच्या खेकड्यांचा महिना. मी आधी नको म्हणालो. मग वास आला. घरच्यांनी हे वाचावे असा माझा आग्रह नाही.

मातीची खाण

तिसऱ्या दिवशी सकाळी पाऊस थांबल्यासारखा वाटत होता, म्हणजे तो झाडांवरूनच तेवढा पडत होता. खाण वाडीपासून हाकेच्या अंतरावर, उंचवट्याच्या पोटात आहे. ओढा टेकडीच्या पलीकडे, अर्ध्या तासाच्या वाटेवर. हे अंतर दिगंबरनेच घड्याळ लावून मोजले.

मला भीती होती ती खाण उरली नसण्याची. सिमेंटच्या घराला लिंपायची माती लागत नाही. गॅस आला तिथे चूल गेली. अशा खाणी दोन पावसाळ्यांत ढासळतात, वर टाकळा उगवतो, आणि तिथे कधी काही होते हे कळत नाही. पण आम्ही वळण घेतले आणि समोर लाल, ओलसर, पुरुषभर उंचीची भिंत उभी होती. सुरीने खरवस कापावा तशी ताजी कापलेली. वरून गवताची मुळे झालरीसारखी लोंबत होती. तळाशी बुधीबाईच्या मोडक्या कुदळीचा दांडा जमिनीत उभा रोवलेला. आणि भिंतीच्या वरच्या एक-तृतीयांश भागात, झालरीच्या आड, एक बीळ. लिंबू जेमतेम आत जाईल एवढे. त्याच्या ओठाखाली शिटेचा पांढरा ओघळ.

“उंदराचंही असू शकतं,” दिगंबर म्हणाला.

“उंदीर उभ्या भिंतीत इतक्या वर अधांतरी बीळ करतो का रे?”

भिंतीकडे पाहत त्याने बुधीबाईला विचारले, “एवढी माती तुम्हाला कशाला लागते, आजी? वाडीत कोणी लिंपत तर नाही.”

“मला दोन पाट्या लागत्यात. चुलीपुरत्या.”

“मग एवढी भिंत कापलीत?”

बुधीबाईने त्याच्याकडे असे पाहिले की जणू त्याने मुलाला रोज जेवायला का घालता असे विचारले आहे.

“जुन्या भिंतीत ती बसत नाय. पावसानं नरम होती, पडती. दर साल वैशाखात नवी कापाया लागती. आदी समद्या बाया कापायच्या तं आपसूक व्हायचं. आता कुनी येत नाय. मंग मी नाय कापली तं ती कुटं बसंल?”

ती हे इतक्या सहज बोलली, की बोलून झाल्यावर घमेले उचलून कडेला ठेवायलाही लागली. मी भिंतीकडे पाहत राहिलो. मी पक्ष्याची चोच पाहिली होती, बोटे मोजली होती, रंग मिसळून मिसळून जांभळट छटा साधली होती. ज्या भिंतीशिवाय तो पक्षी तिथे आलाच नसता ती दर वैशाखात कोणीतरी हाताने उभी करते, हे मला सुचलेसुद्धा नव्हते. माझ्या पुस्तिकेत नाही. दिगंबरच्या पुस्तकात नाही. साठी ओलांडलेली, काडीएवढी बाई एका बिननावाच्या पक्ष्यासाठी उन्हाळ्यात एकटी कुदळ मारते. मी टोपी काढली, आणि या वेळी दिगंबरने काही विचारले नाही.

आम्ही समोरच्या करवंदीच्या जाळीमागे बसलो. बुधीबाई आमच्या मागे. किती वेळ गेला ते सांगत नाही, कारण माझ्या घड्याळात चिखल गेला होता. मग कानाला टोचेल अशी बारीक, उंच शीळ आली, आणि कुदळीच्या दांड्यावर तो होता. आला असे म्हणता येत नाही. नव्हता, आणि होता. त्या करड्या, गळक्या सकाळी त्याचे पोट जळत्या केशरी रंगाचे होते. मागून दिवा लावावा तसे. चोचीत सापसुरळी. एकोणऐंशी वर्षांच्या माणसाचे गुडघे त्या क्षणी दुखत नव्हते.

दिगंबरचा कॅमेरा सणसणत चालला. आणि मग त्याने जे केले ते हल्लीचे सगळे निरीक्षक करतात, आणि फक्त तेच करतात. त्याने मान खाली घालून कॅमेऱ्याच्या पडद्यावर फोटो कसा आला आहे ते पाहिले.

त्या तेवढ्या वेळात पक्षी दांड्यावरून उडाला, झालरीखाली गेला आणि बिळात शिरला. मी पाहिले. बुधीबाईने पाहिले. दिगंबरने वर पाहिले तेव्हा दांडा रिकामा होता.

“गेला कुठे?”

“आत,” मी म्हणालो.

“आत,” बुधीबाई म्हणाली.

“सर, तुमच्या चष्म्यावर पाणी आहे.”

“तिला चष्मा नाही.”

“तसं नाही सर. नोंद करायची म्हणजे...” त्याने वाक्य पुरे केले नाही. ते त्याने नंतर त्रैमासिकात ‘जाणता निरीक्षक’ या शब्दांत पुरे केले. मी वादी, म्हणून माझी साक्ष चालत नाही, हे मी समजू शकतो. बुधीबाईची का चालत नाही, हे त्याने सांगितलेले नाही.

मग त्याने पिशवीतून एक काळी, बोटाहून बारीक नळी काढली. टोकाला दिवा आणि कॅमेरा. मोबाइलला जोडली की बिळाच्या आतले दिसते. “दोन मिनिटं, सर. पिलं दिसली की संपलं. टीप आजच काढतो.”

माझा सारा मान त्या लिंबाएवढ्या बिळात होता आणि नळी तिथे पोचणार होती. मी हो म्हणणार होतो, हे मी लपवत नाही.

बुधीबाई पुढे होऊन भिंतीला पाठ लावून उभी राहिली.

“नाय घालायची.”

“आजी, इजा होत नाही त्यानं.”

“तुजा मास्तर पन असंच बोललेला.” ती माझ्याकडे वळली. “तवा तू काठी घातलीस, आत किती खोल हाय ते बगाया. घातलीस ना? दुसऱ्या दिशी ती आली नाय. तिसऱ्या दिशी पन नाय. पोरां आत वरडत व्हती. मंग वरडायची थांबली.”

तिने हे रागाने सांगितले नाही. नुसते सांगितले.

माझ्या पुस्तिकेच्या एकतिसाव्या पानासमोर, डाव्या पानावर, एक ओळ आहे: “बिळाची खोली सुमारे एक हात.” ती ओळ लिहून मी दुसऱ्याच दिवशी शाळेच्या कामाला मुरबाडला निघून गेलो होतो. त्या मापाची किंमत कोणी दिली, ते मला त्या सकाळपर्यंत ठाऊक नव्हते.

“तू तेव्हा का नाही बोललीस?”

“तू मास्तर. मी नवी पोर.”

मी दिगंबरला म्हणालो, “नळी पिशवीत ठेव.”

“सर, मग टीप राहणार. तुम्हाला कळतंय ना?”

“मला कळतंय. नळी ठेव, आणि चल इथून. आपण उभे आहोत तोवर जोडीतली दुसरी घास घेऊन आत येणार नाही.”

त्याने नळी गुंडाळली. तो वाईट माणूस नाही. वाडीतून निघताना त्याने बुधीबाईला वाकून नमस्कार केला. तिने त्याची वाळलेली वीट त्याच्या हातात दिली आणि म्हणाली, “पुढल्या बारीला ये. पन रिकाम्या हातानं ये.”

तर असा तो वृत्तान्त. दिगंबर लिहितो, मी तपासणी करू दिली नाही. बरोबर आहे, आणि तो पुन्हा आला तरी करू देणार नाही. माझी साक्ष बाजूला ठेवा, चष्मा ओला होता. बुधीबाईची ठेवायला मी तयार नाही, पण वादापुरती तीही ठेवा. ओघळ ठेवा, बिळाचा आकार ठेवा. पक्षी केवळ वाटेवरचा होता, खाणीत विसाव्याला बसला आणि आपले भक्ष्य खाऊन पुढे गेला, असे दिगंबर म्हणतो, तेही क्षणभर धरून चाला. ओढा अर्ध्या तासावर आहे, आणि भरवायचा घास घेऊन निघालेला पक्षी तो घेऊन परक्या भिंतीसमोर बसत नाही, एवढे मात्र त्यालाही मान्य आहे.

गेल्या आठवड्यात त्याने तो फोटो मोठा छापून मला भेट पाठवला. दुसऱ्या आवृत्तीत तो सत्तावन्नाव्या पानावर, तळटिपेच्या वरच जाणार आहे. छायाचित्र खोटे बोलत नाही, हे त्याचेच म्हणणे. मी भिंग घेतले, एकतिसावे पान शेजारी उघडे ठेवले, आणि दोन्हीकडे पाहिले.

त्याच्या फोटोत सापसुरळीचे डोके चोचीच्या टोकाकडे, बाहेर आहे.